मदत हवी आहे : पाच महिने, पाच देश, एकटी बाई, वय ५७ (थायलंड–लाओस–व्हिएतनाम–कंबोडिया–मलेशिया)

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. सांभाळून घ्या.

बँकेत ३१ वर्षं नोकरी करून मागच्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. मुलगी तिच्या संसारात. नवऱ्याला फिरण्याचा मनापासून कंटाळा, मिरज ते कोल्हापूर हा त्यांचा परदेश. "तू जा, मी कुंड्यांना पाणी घालतो," असं त्यांनी म्हटलं ते थट्टेत. मी ते गंभीरपणे घेतलं.

टूर कंपनीबरोबर दोनदा जाऊन आले आहे. सकाळी सहाला वेकअप कॉल, दहाला बुद्ध, बाराला पंजाबी जेवण. ते आता नको. स्वतःच्या पायाने, जमेल तितकं जमिनीवरून, बस आणि रेल्वेने जायचं आहे. बेत असा: २० ऑक्टोबरला मुंबई–बँकॉक विमान, तिथून बसने कंबोडियाची सीमा ओलांडून अंगकोर, मग दक्षिण व्हिएतनाम, वर हनोई, तिथून लाओस, परत थायलंड आणि शेवटी मलेशिया. मार्चअखेर घरी. फराळाच्या भानगडीतूनही यंदा सुटका, म्हणून ऑक्टोबर.

प्रश्न असे:
महिन्याला किती खर्च धरू? (एसी डॉर्म नको, पण स्वच्छ खोली आणि स्वतंत्र बाथरूम हवं.)
परतीचं तिकीट नसेल तर विमानात बसू देतात का?
बीपीची गोळी रोज आहे. पाच महिन्यांचा साठा न्यावा का?
मी शाकाहारी आहे, अंडं चालतं. उपाशी मरेन का?
आणि खरा प्रश्न, एवढे दिवस एकटं राहिल्यावर वेड लागतं का?

निवांत वाटसरू

ताई, आधी अभिनंदन, मग वाईट बातमी. थायलंड–कंबोडिया यांच्यात २०२५ मध्ये सीमेवरून लढाई झाली आणि त्या वर्षीच्या जूनपासून त्यांच्यातले जमिनीवरचे नाके प्रवाशांना बंद झाले. जुन्या ब्लॉगांत बँकॉक–सिएम रीप (अंगकोरजवळचं शहर) बसचं कौतुक सापडेल, त्यावर विसंबू नका. निघायच्या आधी ताजी स्थिती बघाच. पण बेत असा करा की ती सीमा लागणारच नाही.

म्हणजे वर्तुळ उलटं फिरवा. बँकॉकहून रात्रीच्या गाडीने व्हिएन्तियान. २०२४ पासून ही गाडी थेट जाते, सीमेवरच्या नाँग खाईला उतरून पासपोर्टवर शिक्का मारायचा आणि परत बसायचं. सकाळी लाओसच्या राजधानीत. तिथून लुआंग प्राबांगला चिनी बनावटीची वेगवान रेल्वे आहे, २०२१ च्या डिसेंबरात सुरू झाली. आधी रस्त्याने अख्खा दिवस जायचा, आता साधारण दोन तास. मात्र व्हिएन्तियानमध्ये थाई गाडीचं स्टेशन वेगळं, चिनी गाडीचं वेगळं, मध्ये काही किलोमीटर. एकाच दिवशी जोडगाडी पकडायला जाऊ नका, मी धावलो आहे. आणि चिनी गाडीच्या तपासणीत स्प्रेचे डबे काढून घेतात. माझ्या गुडघ्याचा स्प्रे तिथेच गेला, पुढचे चार दिवस मी लंगडत देवळं पाहिली.

लाओसमधून व्हिएतनाम, व्हिएतनाम उत्तरेकडून दक्षिणेकडे रेल्वेने, सायगॉनहून (म्हणजे हो ची मिन्ह सिटीहून) बसने कंबोडियाची राजधानी नोम पेन्ह (मोक बाई–बावेत नाका, एका दिवसाचं काम), अंगकोर आणि तिथून विमानाने क्वालालंपूर.

खर्च: मी सात महिने फिरलो, तुम्ही म्हणता तसल्या खोल्यांत. महिना ६८ ते ८० हजार रुपये. लाओस-व्हिएतनाममध्ये कमी, थायलंडच्या बेटांवर जास्त. अंगकोरचा पास वेगळा धरा: एक दिवस ३७ डॉलर, तीन दिवस ६२, सात दिवस ७२. सातवाला घ्या. तो महिन्याभरात कुठलेही सात दिवस वापरता येतो, एक दिवस आड आराम करता येतो.

परतीचं तिकीट: मुंबईच्या काउंटरवर मला अडवलं होतं. "पुढे कुठे जाणार त्याचा कागद दाखवा." रांगेत उभं राहून मोबाईलवर पुढचं तिकीट काढलं, मागचे लोक शिव्या घालत होते. घरूनच काढून ठेवा.

आता माझा प्रश्न. तुमचं पेन्शन आहे ना? हयातीचा दाखला नोव्हेंबरात कोण देणार?

कृष्णाकाठ

वाटसरू, डोक्यावर हात मारून घेतला. काउंटरच्या आत बसून वर्षानुवर्षं नोव्हेंबरात दुसऱ्यांचे दाखले घेतले, "आजोबा, इथे अंगठा" करत. आता काउंटरच्या बाहेर मी आहे हे लक्षातच आलं नाही.

पायलीपंधरा

वाचनखूण साठवली आहे. मलाही जायचंय, पण माझं अजून कर्ज फिटायचंय.

परखड

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. पाच महिन्यांत साडेतीन-चार लाख खर्च करून काय मिळणार? त्यापेक्षा चारधाम करा, पुण्य तरी लागेल. या वयात एकट्या बाईने हे उद्योग करणं शहाणपणाचं नाही.

कृष्णाकाठ

चारधाम झाले, दोनदा. एकदा सासूबाईंना घेऊन. पुण्य त्यांच्या खात्यावर जमा आहे.

साठीतली सायकल

कृष्णाकाठ, मी ६१ व्या वर्षी चार महिने या भागात एकटी होते, त्यामुळे शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. वेड लागत नाही, कंटाळा येतो. साधारण तिसऱ्या महिन्यात. नवं गाव, नवी खोली, नवा दिव्याचा खटका कुठे आहे ते शोधणं, याचाच वीट येतो. मला तो कांपोतमध्ये आला. कंबोडियाच्या दक्षिणेला नदीकाठचं गाव, तिथली मिरी प्रसिद्ध आहे. तीन दिवसांसाठी गेले आणि १९ दिवस राहिले, कारण उठून बॅग भरायचं त्राणच नव्हतं. मालकिणीची आई दुपारी ओसरीवर मिरी निवडत बसायची. काळी एका ताटात, लाल दुसऱ्यात, फुटके दाणे बाजूला. आपल्याकडे तांदूळ निवडतात अगदी तसं, फक्त हातात चिमटा. मी जाऊन शेजारी बसले. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. तिने दुसरा चिमटा आणून दिला. मी लाल दाण्यांत एक काळा टाकला की ती माझ्या मनगटावर चापट मारायची. आठवड्याने चापटा बंद झाल्या, आणि मला वाटलं, आता निघायला हरकत नाही.

तेव्हा तिसऱ्या महिन्यात एक मोठा रिकामा तुकडा ठेवाच. तिथे काही बुक करू नका.

गोळ्या: पूर्ण साठा न्या, मूळ पाकिटातच, डब्यात काढून नको. डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव (कंपनीचं नव्हे) लिहिलेली चिठ्ठी इंग्रजीत घ्या, म्हणजे बॅग हरवली तरी तिथल्या दुकानात तेच औषध मागता येतं. अर्धा साठा हातातल्या पिशवीत, अर्धा बॅगेत. झोपेच्या किंवा कडक वेदनाशामक गोळ्या असतील तर आधी चौकशी करा, काही देशांत त्यांचे नियम कडक आहेत.

विमा इथूनच, निघण्याआधी घ्या. एका सहलीची पॉलिसी साधारण १८० दिवसांपर्यंत मिळते, तुम्ही बसता. बीपी लपवू नका. लपवलं तर दावा करताना तेच पहिलं निघतं.

सायगॉनकर

नोकरीनिमित्त सहा वर्षं हो ची मिन्ह सिटीत आहे, त्यामुळे व्हिएतनामपुरतं सांगतो.

ई-व्हिसा ९० दिवसांचा मिळतो, एकदा प्रवेशाला २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाला ५०. सरकारी संकेतस्थळावरूनच करा. हुबेहूब दिसणारी एजंटांची पानं आधी येतात आणि दुप्पट-तिप्पट घेतात. अर्जात कुठल्या नाक्यावरून शिरणार ते लिहावं लागतं. लाओसमधून बसने येणार असाल तर काउ त्रेओ किंवा लाओ बाओ असा जमिनीवरचा नाका निवडा. विमानतळ निवडून बसने आलात तर नाक्यावर वाद होतो. आणि आपल्या मराठी पासपोर्टची खास गंमत: नावाच्या रकान्यात स्वतःचं नाव आणि नवऱ्याचं नाव एकत्र, आडनाव वेगळं. एक शब्द गाळला की व्हिसा पासपोर्टशी जुळत नाही. माझ्या मावशीचा पहिला अर्ज असाच वाया गेला.

शाकाहार: इथे शाकाहाराला म्हणतात 'चाय'. 'आन चाय' म्हणजे शाकाहारी जेवण. बोर्डावर रोमन लिपीत सी-एच-ए-वाय दिसलं की आत शिरा, चहा मिळणार नाही, टोफू मिळेल. चहाला उत्तरेत 'चा' म्हणतात, ते तुम्हाला मिरजेतच आल्यासारखं वाटेल. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, बरेच लोक चाय खातात, त्या दिवशी ठेलेही वाढतात. कडक ठिकाणी कांदा-लसूणही नाही, चातुर्मासच समजा. एरवी साध्या दुकानात "मांस नको" एवढंच म्हटलंत तर मांस काढतील, पण माशाचं पाणी, नुओक माम, राहीलच. ते वेगळं सांगावं लागतं.

हवा: मध्य व्हिएतनाममध्ये, हुए-होई आन पट्ट्यात, ऑक्टोबर-नोव्हेंबरला पूर येतात. जानेवारीत हनोईत भुरभुर पाऊस आणि बोचरी थंडी, घरांत हीटर नसतो, स्वेटर न्या. तेत, म्हणजे इथलं नवं वर्ष, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत कधीतरी येतं. त्या दहा दिवसांत हनोई–सायगॉन रेल्वेत (१७२६ किमी) उभं राहायला जागा नसते, दुकानंही बंद. त्या काळात एका जागी बसा.

स्कूटर चालवता का? असाल तर इथे चालवू नका. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या करारातला आहे, व्हिएतनाम १९६८ चा मानतो. पोलिसाने पकडलं तर दंड एक वेळ भरता येईल, पण अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल. उत्तरेचा डोंगराळ 'हा ज्यांग' भाग बघायचाच असेल तर चालकासकट मोटारसायकल मिळते, मागे बसा.

अवांतर: होई आनजवळ 'मी सोन' नावाच्या ठिकाणी चंपा या जुन्या राज्याच्या राजांची शंकराची देवळं आहेत. आपल्या पुरातत्त्व खात्याने तिथे काम केलं, २०२० मध्ये नवव्या शतकातलं अखंड शिवलिंग सापडलं. परखड यांच्या पुण्याचीही सोय झाली.

निवांत वाटसरू

पैशाचं राहिलं. बँकवाल्या ताईंना काय सांगणार, तरी. दोन वेगळ्या बँकांची कार्डं, दोन वेगळ्या पिशव्यांत. परदेशी व्यवहार आधी ॲपमधून सुरू करा, ते मुळात बंद असतात. एटीएमने "रुपयांत कापू का?" विचारलं तर नाही म्हणा, तिथल्याच चलनात कापू द्या. थायलंडमध्ये दर वेळेला २२० ते २५० बाट नुसती मशीनची फी, म्हणून एकदाच मोठी रक्कम. कंबोडियात डॉलर चालतात पण कोपरा दुमडलेली नोट परत करतात, इथून नेताना प्रत्येक नोट उलटसुलट बघून घ्या.

आणि ओटीपी. व्हिएन्तियानमध्ये माझं कार्ड अडकलं, दुसरं सुरू करायला ओटीपी हवा, आणि भारतातल्या सिमचं रिचार्ज आदल्या आठवड्यात संपलेलं. शनिवार-रविवार ४० डॉलरवर काढले. लांब मुदतीचं रिचार्ज मारा, रोमिंग इथूनच सुरू करा. तुमच्या खात्याला नंबर कुठला जोडलाय, ते एकदा बघता का?

कृष्णाकाठ

बघितलं. नंबर ह्यांचा आहे. २०११ साली जोडलेला, मीच फॉर्म भरला होता, माझ्याच टेबलावर. म्हणजे मी लाओसच्या मशीनसमोर उभी, आणि ओटीपी मिरजेत, कुंड्यांना पाणी घालणाऱ्या माणसाच्या खिशात. हे फोन चार्जिंगला लावून देवळात जातात. विचारलं, तर म्हणाले, "मी सांगेन ना आकडा फोनवर." मी म्हटलं, गेली तीस वर्षं लोकांना ओरडून सांगते आहे की आकडा फोनवर कुणाला सांगू नका.

काल शाखेत जाऊन बदलायचा अर्ज दिला. जुन्या सहकारी पोरीने विचारलं, "मॅडम, कारण काय लिहू?"

तर नवा बेत: ३ नोव्हेंबरला दाखला देणार (पहिल्या दोन दिवसांत तिथली गर्दी मला माहीत आहे), ९ ला निघणार. म्हणजे फराळ करावाच लागणार, असो. नोव्हेंबर थायलंड, डिसेंबर लाओस, जानेवारी उत्तर व्हिएतनाम, तेतला होई आनमध्ये मुक्काम, मग सायगॉन. त्यापुढे कंबोडियात तीन आठवडे वहीत कोरे सोडलेत.

साठीतली, कांपोतच्या त्या घराचा पत्ता व्यनि (खासगी निरोप) कराल का?

शेवटचा प्रश्न: छोटा इलेक्ट्रिक कुकर न्यावा का? रोज बाहेरचं पोटाला झेपेल असं वाटत नाही.

साठीतली सायकल

व्यनि केला. आजी आता थकल्यात असं कळलं, पण आहेत.

कुकर न्या, चेक-इनच्या बॅगेत. मूगडाळ-तांदूळ तिथे मिळतात. हिंग आणि गोडा मसाला मात्र इथून, आणि हिंगाची डबी दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधा. माझे सगळे कपडे चार महिने फोडणीसारखे वास मारत होते.