शब्दचर्चा : पंचायतीचा वकील, सरपंचाचा वकील आणि ‘हितसंबंधांचा संघर्ष’

गोव्यातल्या डिचोली तालुक्यात मी कोर्टाच्या आणि पंचायतीच्या कागदांची मराठी भाषांतरं करतो. गेल्या महिन्यात एका पत्रातल्या एका शब्दावर दोन दिवस अडून बसलो, म्हणून हा धागा.

पत्र एका वकिलांचं. गावच्या पंचायतीला ते बरीच वर्षं सल्ला देतात. पंचायतीला एका बेकायदा बांधकामावर नोटीस काढायची होती. बांधकाम सरपंचांच्या मेहुण्याचं, आणि त्या जागेचं विक्रीखत पूर्वी याच वकिलांनी केलेलं. त्यांनी सरळ कळवलं, की या प्रकरणापुरता मी बाजूला होतो, दुसरा वकील नेमा. मूळ पत्र इंग्रजीत, पण ग्रामसभेत वाचायचं म्हणून मराठी हवं होतं. त्यांनी दिलेलं कारण ‘conflict of interest’, म्हणजे एकाच माणसावर एकमेकांना आडवी येणारी दोन हितं किंवा कर्तव्यं असणं. त्याला आपली वर्तमानपत्रं ‘हितसंबंधांचा संघर्ष’ म्हणतात, तेच मी लिहिलं. पंचायतीतल्या कारकून बाईंनी कागद वाचला आणि विचारलं, “झगडें कोणाचें जालें?”

बाईंचं काही चुकलं नव्हतं. मराठीत संघर्ष म्हटला की दोन बाजू समोरासमोर उभ्या राहतात. कामगारांचा मालकाशी संघर्ष, गावाचा खाणीशी संघर्ष. इथे माणूस एकच आहे आणि त्याचं कोणाशी भांडण नाही. त्याच्या डोक्यावर दोन ओझी आहेत, एक उचललं तर दुसरं घसरतं, एवढंच. तरी वाचणाऱ्याला वाटतं की वकील आणि सरपंच यांचं बिनसलं.

‘हितसंबंध’ या शब्दाची अडचण वेगळी. भूसंपादनाच्या जाहिरातीत ‘हितसंबंधित व्यक्तींनी हरकती नोंदवाव्यात’ असं वाचतो तेव्हा तो अगदी स्वच्छ असतो. ज्याची जमीन जाते तो हितसंबंधित. पण बोलण्यात आणि बातम्यांत हितसंबंध ‘जपले’ जातात, ‘दुखावले’ जातात, आणि ‘हितसंबंधी मंडळी’ म्हणजे आतून पैसे खाणारी मंडळी असा अर्थ पक्का झाला आहे. एक प्रामाणिक वकील स्वतःहून बाजूला होतो आणि आपल्या भाषांतरामुळे त्याच्यावरच शिंतोडा उडतो, हे मला सहन होत नाही.

‘हितविरोध’ हा आटोपशीर पर्याय काही कोशांत दिसतो. त्याचा विग्रह करून बघा. ‘दोन हितांमधला विरोध’ हा अर्थ मनात यायच्या आधी ‘हिताला विरोध’ हाच येतो, कारण ‘लोकहितविरोधी धोरण’ आपल्या कानात बसलेलं आहे. वकिलाने ‘हितविरोधामुळे सल्ला देऊ शकत नाही’ असं लिहिलं, तर तो गावाच्या हिताविरुद्ध आहे असं वाटेल.

मला हव्या त्या शब्दात आरोप नको आणि भांडणही नको. माणसाला स्वतःबद्दल मान ताठ ठेवून म्हणता आला पाहिजे. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्याच्याच प्रकरणात निकाल दिला. पालिका निवडणुकांच्या वेळी राज्याच्या कायदा सचिवांकडेच राज्य निवडणूक आयुक्तपदाचा जादा ताबा दिला होता. सरकारी पदावर असलेल्या माणसाला हे पद देता येणार नाही, आयुक्त स्वतंत्रच हवा, असं न्यायालयाने बजावलं. जो सरकारला कायद्याचा सल्ला देतो त्यानेच निवडणुकीचा पंच व्हायचं, ही जागाच चुकीची. मग त्या जागी बसलेला माणूस कितीही सरळ असो. आपला शब्द त्या जागेबद्दल बोलणारा हवा.

काय सुचवाल?

प्रतिसाद (फोंड्याहून)

शब्द घडवायच्या आधी म्हणी आठवा. ‘दोन्ही डगरींवर हात ठेवणे’ हा वाक्प्रचार याच अवस्थेसाठी आहे. डगर म्हणजे नदीचा उंच काठ. ‘तळं राखी तो पाणी चाखी’ आहे, ‘कुंपणच शेत खातं’ आहे. आणि शब्दच हवा असेल तर क्रिकेट मंडळाच्या बातम्यांत ‘दुहेरी हितसंबंध’ रुळला आहे, तो घ्या. लोकांना कळतो.

प्रतिसाद (म्हापसा, वकिली करते)

शब्दाआधी वस्तू नीट पाहूया. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारनियमांत ती वेगवेगळ्या तुकड्यांत आहे. ज्या वकिलाने एखाद्या प्रकरणात एका पक्षाला सल्ला दिला किंवा त्याचे कागद तयार केले, त्याने पुढे त्याच प्रकरणात विरुद्ध पक्षासाठी उभं राहायचं नाही, हा नियम ३३. वादातल्या पक्षांशी आपला काही संबंध असेल किंवा वादात आपलं काही हित असेल, तर ते अशिलाला आधी उघड सांगायचं, हा नियम १४. ज्या संस्थेच्या कार्यकारी समितीवर आपण आहोत तिच्या बाजूने किंवा विरुद्ध उभं राहायचं नाही, हा नियम ८. म्हणजे कधी दोन अशील एकमेकांना आडवे येतात, कधी वकिलाचं स्वतःचं हित आडवं येतं, तर कधी त्याचं पद. ‘दुहेरी हितसंबंध’ यातल्या एखाद्यालाच लागू पडतो, कारण बहुतेक वेळा एका बाजूला हित असतं आणि दुसऱ्या बाजूला कर्तव्य.

आणि पंचांना (म्हणजे पंचायत सदस्यांना) व नगरसेवकांना एक गोष्ट समजत नाही. पंचायत ही कायद्याने स्वतंत्र संस्था आहे. तिचा वकील तिचा असतो, खुर्चीवर बसलेल्या माणसाचा नसतो. गोवा पंचायत राज कायदा, १९९४ प्रमाणे पंचायतीच्या कामात किंवा कंत्राटात प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष वाटा असलेला माणूस पंच म्हणून अपात्र ठरतो. आता समजा सरपंच विचारतो, माझ्या भावाला कंत्राट दिलं तर मी अडकेन का? तो हे पंचायतीच्या वतीने विचारतो की स्वतःची खुर्ची वाचवायला? वकिलाने तिथेच थांबून सांगायला हवं, की मी पंचायतीचा वकील आहे, तुम्हाला स्वतःसाठी सल्ला हवा असेल तर वेगळा वकील बघा. आमच्याकडे हे कोणी सांगत नाही, कारण पुढचं काम सरपंचाच्या सहीने मिळणार असतं.

‘वकिलाने सांगितलं म्हणून केलं’ ही ढालही प्रत्येक वेळी चालत नाही. कॅलिफोर्नियातल्या बेल गार्डन्स शहरात एका नगरसेविकेला शहराच्या व्यवस्थापकपदी नेमणूक हवी होती. ती सदस्य असलेल्या परिषदेच्याच करारात स्वतःचं आर्थिक हित ठेवल्याबद्दल खटला झाल्यावर तिने शहराच्या वकिलाच्या सल्ल्याकडे बोट दाखवलं. तिथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये तो बचाव नाकारला. कायदा तिथला, पण आपल्या पंचांनी वाचावं असं प्रकरण आहे.

धागा सुरू करणाऱ्याचं उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. फोंड्याच्या मित्राने दिलेल्या म्हणी मला फार आवडतात, पण तिन्हींत पाप घडून गेलेलं आहे. कुंपणाने शेत खाल्लं, राखणाऱ्याने पाणी चाखलं. डगरींवर हात ठेवणारा तर मुद्दाम तसा उभा असतो. आपल्याला खाण्याच्या आधीचा क्षण पकडायचा आहे, जेव्हा माणूस म्हणतो की हे तळं मला राखायला देऊ नका.

म्हापशाच्या वकीलबाईंनी ‘अशील’ शब्द वापरला आणि मला वाट सापडली. वकील हा अरबी शब्द, अर्थ दुसऱ्याच्या वतीने काम करणारा. पेशवाईत वकील म्हणजे परक्या दरबारी आपल्या धन्याची बाजू मांडणारा माणूस. अशील हाही अरबीच, मुळात असील. ज्याच्या वतीने काम चालतं तो मूळ माणूस. आपला ‘अस्सल’ त्याच घराण्यातला. वकील या शब्दाच्या पोटातच ‘कोणाच्या वतीने?’ हा प्रश्न आहे. अशील ठरल्याशिवाय वकील ठरतच नाही.

ग्रामसभेत नेमकं हेच झालं. रविवारी शाळेच्या हॉलमध्ये सभा होती, पंखे बंद, वीज गेलेली. सचिवांनी पत्र वाचलं. मागच्या बाकावरचे एक आजोबा काठी टेकून उभे राहिले. “वकीलबाब, तुमी इतलीं वर्सां पंचायतीचे वकील आशिल्ले काय सरपंचाचे?” (म्हणजे, पंचायतीचे वकील होता की सरपंचाचे?) हॉल शांत झाला. वकील उठले आणि म्हणाले, पंचायतीचा, पण ही जागा मी विकत घेणाऱ्यासाठी तपासली होती, त्याची कागदपत्रं मला आतून माहीत आहेत, ती मी तुम्हाला सांगू शकत नाही आणि विसरूही शकत नाही. आजोबा “बरें” म्हणून खाली बसले. हॉलमधल्या सगळ्यांना कळलं, आणि त्यांच्या तोंडी एकही जोडशब्द आला नाही.

त्यामुळे नाम घडवायचा हट्ट मी सोडला. मराठीत ‘गुंतणे’ हे क्रियापद आहे. जीव गुंततो, पैसे गुंततात, शब्दात माणूस गुंततो. गुंतण्यात लबाडी गृहीत नाही, मोकळं नसणं मात्र आहे. आणि ‘कशात गुंतलं?’ हे वाक्यात सांगावंच लागतं, ‘संघर्ष’ म्हणून निसटता येत नाही. मथळ्यासाठी नाम लागलंच तर ‘हितगुंता’ चालेल का, हे तुम्ही सांगा. मला तो अजून नवा कोरा वाटतो.

पंचायतीच्या दप्तरासाठी पत्राची दुरुस्त प्रत काल दिली. त्यातलं वाक्य असं आहे : ‘सदर जागेच्या विक्रीखताचे काम मी पूर्वी खरेदीदारासाठी केलेले असून त्या कामात माझे कर्तव्य गुंतलेले आहे, म्हणून या प्रकरणात मी पंचायतीस सल्ला देऊ शकत नाही.’ आधी ‘हित’ लिहिलं होतं. वकिलांनी स्वतःच्या पेनाने ते खोडून ‘कर्तव्य’ केलं.