सड्याला नकाशात स्वतःची खूण हवी की नको?

भूगोलाच्या बाई (राजापूर): परवा वर्गात सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० नकाशा उघडला. पिवळं म्हणजे शेती, हिरवं म्हणजे जंगल. आमचा सडा, म्हणजे जांभ्या खडकाचं उघडं पठार, मात्र कोरा, नुसत्या तपकिरी समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या). एक मुलगी म्हणाली, "बाई, इथे काहीच नाही?" तिच्या घरची गुरं पावसाळाभर तिथेच चरतात! जांभ्याच्या खळग्यांत पाणी साठतं, भाद्रपदात सीतेची आसवं ही फुलं निळी-जांभळी पसरतात, त्याच कातळावर कातळशिल्पं आहेत. कोऱ्या जागेला माणूस पडीक समजतो आणि मग जांभ्याचे चिरे काढणाऱ्या खाणीला कोण अडवणार? सड्याला खूण हवीच.

मोजणीवाला: बाई, कळकळ पटते, मागणी नाही. या नकाशात एक सेंटिमीटर म्हणजे ५०० मीटर. तुमची डबकी चार पावलांची. शिवाय मार्चात सडा कोरडा ठणठणीत. निळं बघून कुणी पाण्यासाठी तिथे गेला तर?

भूगोलाच्या बाई: कोरड्या ओढ्याला काळी रेघ आणि बारमाही नदीला निळी, हा भेद तुमच्याच नकाशात आहे ना? ऋतू दाखवायची रीत जुनीच आहे. मला डबकं न डबकं नको. सगळ्या सड्यावर एकच पोत द्या: खडकासाठी तुटक आडव्या रेघा, अधूनमधून पावसाळी पाण्याचे पोकळ ठिपके.

माळरानवाला (सोलापूर): खुणेला हो, पण हिरव्या रंगाला ठाम नकार. नान्नजच्या गवताळ माळावर माळढोक पक्ष्याला मोकळी नजर लागते, झाडं लावली की त्याची जागा जाते. गवत फिकट हिरवं दाखवलंत की ते अर्धवट जंगल वाटतं, आणि दरवर्षी कुणीतरी रोपं घेऊन हजर!

सातारकर: मला भीती वेगळीच. २०१२ मध्ये आमचं कास पठार जागतिक वारशात आलं, पुढे गर्दी इतकी वाढली की रोजच्या पर्यटकांची संख्या बांधावी लागली. खूण दिली की लोक वाट शोधत येतात.

भूगोलाच्या बाई: म्हणूनच फुलाचं चित्र नको म्हणते. फूल छापलं की बोलावणं जातं. खडक आणि पाणी दाखवा, तिथे काय जगतं ते त्यातूनच कळतं.

मोजणीवाला: पोत चालेल, ठिपक्यांबद्दल अजून शंका आहे. रंगाचं काय? पिवळा शेतीने घेतलाय, तपकिरी समोच्च रेषांनी. राखाडी बघा. आणि मुलांकडून खूण रेखाटून घेतलीत तर झेरॉक्स मारून पाहा. काळ्या-पांढऱ्यात ओळखू आली नाही तर ती खूण कामाची नाही.