मदत हवी आहे: टर्बो बसवलेल्या एस्टीमला गिअर रेशो कोणते घ्यावेत? (आंबा घाट)

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय. लांबलाय, सांभाळून घ्या.

घरची जुनी मारुती एस्टीम गाडी आहे. १.३ लिटर, १६ व्हॉल्व्ह, एमपीएफआय. बाबांनी वापरली, मग काही वर्षं मांगरात आंब्याच्या रिकाम्या पेट्यांमागे उभी होती. खारी हवा असूनही पत्रा बऱ्यापैकी राहिला, म्हणून जीव अडकला. गेल्या वर्षी तिला टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) बसवला. नवा नाही, एका मोठ्या डिझेल एसयूव्हीवरून उतरवलेला. बूस्ट, म्हणजे त्या कोंबलेल्या हवेचा जादा दाब, ०.५ बारवर बांधलाय. २६०० आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आसपास बूस्टचा काटा हलायला लागतो, पूर्ण बूस्ट ३२०० ला येतो, ६००० पर्यंत गाडी छान ओढते.

माझं जाणं-येणं रत्नागिरी ते कोल्हापूर. हातखंबा, पाली, साखरप्यापर्यंत काही तक्रार नाही. साखरपा सोडून आंबा घाट सुरू झाला की रडगाणं. अवघड वळणावर दुसरा ठेवला तर गाडी मेलेली. पाय पूर्ण दाबला तरी नुसता घुर्र आवाज. पहिला टाकला तर एकदम अंगावर येते, आणि पावसात पुढची चाकं जागच्या जागी फिरतात. जुलैत एकदा नाक थेट कठड्याकडे गेलं. शेजारी बायको होती. पुढचे दोन दिवस घरात शांतता होती.

दुसऱ्या गिअरचा सिंक्रो गेला तेव्हा गिअरबॉक्स उघडलाच होता, म्हणून बसून दात मोजले:

पहिला ४१/१२ म्हणजे ३.४१६
दुसरा ३६/१९ म्हणजे १.८९४
तिसरा ३२/२५ म्हणजे १.२८
चौथा ३२/३५ म्हणजे ०.९१४
पाचवा २८/३७ म्हणजे ०.७५७
फायनल (चाकांआधीची शेवटची दातांची जोडी, क्राऊन-पिनियन) ७८/१९ म्हणजे ४.१०५

टायर १८५/६० आर १४, एका फेऱ्यात साधारण १.८१ मीटर.

आता गोंधळ असा. कोल्हापूरला उद्यमनगरातले एक मिस्त्री म्हणतात, फायनल आखूड करा (आकडा मोठा, म्हणजे त्याच वेगाला इंजिन जास्त फिरतं), ४.३९ चा क्राऊन-पिनियन कापून देतो, गाडी उडेल. पुण्याचा मित्र नेमकं उलट सांगतो: टर्बोला लांब गिअर लागतो, ३.७९ च्या आसपास जा. दोघंही कामातले. खर्च तोच, बॉक्स उतरवायची कटकट तीच. कुणाचं ऐकू? की फक्त दुसरा गिअर बदलून घेऊ? जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

पाना_नंबर_१३:

दात मोजून आलात, हे बघून बरं वाटलं. नाहीतर इथे "गाडी पिकअप घेत नाही, उपाय सांगा" एवढ्यावर धागे निघतात.

मित्र आणि मिस्त्री दोघंही चूक नाहीत, फक्त तुमच्या दुखण्याबद्दल बोलत नाहीयेत. मित्र म्हणतो ते असं: टर्बो गाडीला मधल्या आरपीएमला ताकद भरपूर असते, ती लांब गिअर ओढू शकते. गिअर फार आखूड असले तर बूस्ट भरतोय न भरतोय तोच आरपीएम संपतात, पुन्हा क्लच, पुन्हा पाय वर, बूस्ट पडला. म्हणून लांब. सरळ रस्त्यावर शंभर टक्के बरोबर. मिस्त्री बिनटर्बो गाडीच्या हिशोबाने बोलतायत. तिथे आखूड फायनल म्हणजे रोकडा फायदा.

तुमच्या बॉक्सचा हिशोब मांडू. ६००० ला गिअर बदलला तर पहिल्यातून दुसऱ्यात ३३२७ ला पडता. दुसऱ्यातून तिसऱ्यात ४०५४, तिसऱ्यातून चौथ्यात ४२८६, चौथ्यातून पाचव्यात ४९६९. पूर्ण बूस्ट ३२०० ला म्हणताय. म्हणजे एकाही बदलाला तुम्ही बूस्टच्या खाली जात नाही! सगळ्यात मोठी उडी पहिला-दुसऱ्याची, तीसुद्धा आत बसते. वर जाताना हा बॉक्स तुमच्या टर्बोला चपखल आहे. दुसरा गिअर नुसता बदलून ती उडी कमी कराल, पण दुसरा-तिसऱ्याची तेवढीच वाढेल.

दुखणं वळणात शिरताना आहे. मला एकच आकडा द्या: त्या वळणांवर तुमचा वेग किती असतो? अंदाजे नको. काट्याचाही नको, तो जास्त दाखवतो. फोनच्या जीपीएसवर बघा.

कुडाळचो_मेस्त्री:

गियर बदलून काय एक होवचा नाय. आधी तो टर्बो बदल. मोठ्या गाडीचो टर्बो ल्हान इंजिनाक लावलंस, तो फिरतलो कसो?

सागरी_महामार्ग:

तांत्रिक कळत नाही, पण विचारतो. आरसीवर या बदलाची नोंद आहे का? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल करायला आडकाठी घालतं. अपघात झाला तर विमावाले पहिलं तेच काढतील. घाटात बायकोला घेऊन जाताय म्हणून बोललो, राग नसावा.

धागाकर्ता:

@सागरी_महामार्ग, राग कसला. खरं आहे, आणि ते प्रकरण मी टाळत आलोय. आरटीओत जाऊन विचारतो.

@पाना_नंबर_१३, रविवारी मेहुण्याला घेऊन गेलो. तो शेजारी बसून लग्नपत्रिकेच्या पाठीवर आकडे लिहीत होता, मी चालवत होतो. नऊ वळणं निवडली. सहा ठिकाणी वेग २२ ते २८ च्या मधे, दोन ठिकाणी ३५ च्या पुढे, एका ठिकाणी पुढे एसटी अडकलेली म्हणून थेट शून्य. ३५ च्या पुढच्या दोन वळणांवर गाडी दुसऱ्यात व्यवस्थित उचलली, हे आधी कधी लक्षातच आलं नव्हतं.

पाना_नंबर_१३:

उत्तर त्या पत्रिकेवरच आहे. ताशी २५ धरू. १.८१ मीटरच्या टायरला म्हणजे चाकाचे मिनिटाला २३० फेरे. दुसऱ्यात गुणिले १.८९४ गुणिले ४.१०५, इंजिन १७९० वर. तुमचा टर्बो २६०० ला डोळे उघडतो. तो झोपलेला असताना तुम्ही त्याला घाट चढायला सांगताय. पहिल्यात त्याच वेगाला ३२२८, म्हणजे नेमकं पूर्ण बूस्टच्या तोंडावर. म्हणून ती अंगावर येते.

आता मिस्त्रींचा ४.३९ लावा: १७९० चे १९१४ होतात. मित्राचा ३.७९ लावला तर १६५२. दोन्हीकडे झोपलेलाच. ३००० हवे असतील तर फायनल ६.८८ लागेल. तसा बॉक्स बसवलात तर पाचव्यात ताशी १०० ला इंजिन ४८०० वर किंचाळेल. पॉवर टिलर बरा.

लॅग आणि हे दुखणं वेगळं, ते गिऱ्हाइकांना सांगताना माझा घसा सुकतो. आरपीएम पुरेसे असताना पाय दाबल्यापासून बूस्ट येईपर्यंत जो वेळ जातो तो लॅग. आरपीएमच पुरेसे नसतील तर कितीही वेळ पाय दाबून बसा, एक्झॉस्टमधून तेवढी हवाच जात नाही, टर्बाइन फिरणार कशाने? तुमचं दुसऱ्या प्रकारचं आहे. त्यावर औषध टर्बोत आहे, दातांत नाही. कुडाळच्या मेस्त्रींनी दोन ओळीत सांगितलं ते मी दोन पानांत सांगतोय.

चाकं का फिरतात तेही बघा. टॉर्क १६० न्यूटन-मीटर धरला, वाटेत दहा टक्के गेले, तर पहिल्यात पुढच्या चाकांवर जवळपास ७००० न्यूटनचा जोर येतो. पुढच्या धुऱ्यावर साडेपाचशे किलो वजन धरलं, तर कोरड्या रस्त्याची पकड ४३०० च्या आसपास, ओल्या रस्त्यावर २७००. दुसऱ्यात हाच जोर ३९०० होतो. कोरड्यात चालेल, पावसात दुसऱ्यातही पाय जपून. ४.३९ लावलात तर हे सगळे आकडे सात टक्क्यांनी वाढतील आणि एक्सलच्या जॉइंटवर तेवढा जास्त ताण.

माझं मत: बॉक्स मिटवा. लहान टर्बाइनचा टर्बो बघा, जो १८०० ला जागा होईल आणि २२०० ला भरेल. वरती ५५०० नंतर दम लागेल, लागू दे, घाटात ५५०० ला जातंय कोण? फक्त लहान डिझेल गाडीचा डोळे झाकून उचलू नका. पेट्रोलचा एक्झॉस्ट डिझेलपेक्षा बराच जास्त तापतो, डिझेलच्या मापाचं टर्बाइनचं घर तडकू शकतं. पेट्रोल गाडीवरचाच शोधा.

देवरुखकर_आजोबा:

१९९६ पासून याच घाटातून जातोय, बिनटर्बोच्या गाडीने. अजून एकदाही थांबलो नाही. चालू द्या.

धागाकर्ता:

आजोबा, नमस्कार. तुमचं बरोबर आहे आणि आमच्या सौ. तुमच्याच बाजूच्या आहेत.

मिस्त्रींना फोन करून क्राऊन-पिनियन नको म्हणून सांगितलं. गप्प झाले, मग म्हणाले, "मग दात मोजत कशाला बसला होता?" आता त्यांना काय सांगू!

पुण्याच्या मित्राला सगळा हिशोब पाठवला. त्याने इतकंच कळवलं की तो एक्सप्रेसवेवरचं बोलत होता, आंबा घाट त्याने एकदाच, तोही झोपेत, पाहिलाय.

तर प्रश्न बदलतो. पेट्रोल गाडीवरून उतरवलेला, साधारण १.२ ते १.४ लिटर इंजिनाचा टर्बो कुणाच्या बघण्यात आहे का? रत्नागिरी, चिपळूण, कोल्हापूर कुठेही येऊन बघेन. आणि माझ्या मॅनिफोल्डवरची (इंजिनाचा एक्झॉस्ट टर्बोकडे नेणारा पाइप) फ्लँज, म्हणजे टर्बो जोडायची पट्टी, चार बोल्टची आहे. नवा टर्बो तीन बोल्टचा निघाला तर मधे अडॅप्टर प्लेट टाकावी की मॅनिफोल्डच नवा वेल्ड करावा? प्लेट टाकली तर टर्बो किती वर येईल ते पुठ्ठा कापून बघितलं, बॉनेटला जेमतेम एक बोट जागा उरते.