नागपूरच्या उन्हाळ्यात गेमिंग संगणक: एअर कूलर की लिक्विड कूलर?

प्रश्न: रायझेन ७ ७८००एक्स३डी प्रोसेसर घेण्याचे ठरवले आहे. मे महिन्यात आमच्या गच्चीखालच्या खोलीत पंखासुद्धा गरम हवाच फेकतो. अशा वेळी प्रोसेसर थंड ठेवण्यासाठी त्यावर बसवायचा कोणता कूलर घ्यावा, पंख्याच्या हवेने थंड करणारा एअर कूलर की नळ्यांतून द्रव फिरवणारा लिक्विड कूलर, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

उत्तर १: कूलर कोणताही असो, तो प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. मात्र या प्रोसेसरची कमाल मर्यादा ८९ अंश सेल्सिअस असून गेम खेळताना तो फारशी वीज खात नाही, त्यामुळे चांगला दोन पंख्यांचा एअर कूलर पुरेसा आहे. वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डावर घालावेत.

उत्तर २: सहमत आहे. कॅबिनेटची पुढची बाजू काचेची नको, जाळीचीच हवी; माझ्या जाळीवर धुळीचा करडा थर साचला होता, तो ब्रशने काढताच पंख्यांचा आवाज उतरला.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. कूलरची उंची कॅबिनेटमध्ये मावते का, हे मोजूनच खरेदी करीन.