१५० मेगाहर्ट्झच्या प्रतिमेत कडेचे स्रोत का सरकतात?

प्रश्न
रेडिओ दुर्बिणींच्या एका जाळ्याच्या १५० मेगाहर्ट्झवरील निरीक्षणांतून मी आकाशाची प्रतिमा तयार केली. एका प्रखर स्रोतावर अंशांकन (ज्ञात स्रोताच्या आधारे मोजमापातील चुकांची दुरुस्ती) केल्यावर मध्यभाग स्वच्छ आला. कडेचे बिंदुवत स्रोत मात्र ज्ञात स्थानांपासून सरकलेले आणि पसरट दिसतात, शिवाय तेजस्वी स्रोतांभोवती आऱ्यांसारख्या रेषा आहेत. १४०० मेगाहर्ट्झवर असे काही दिसले नव्हते. माझे अंशांकन चुकले आहे का?

पहिले उत्तर
बहुधा नाही. आयनांबरातील (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरातील) मुक्त इलेक्ट्रॉनांमुळे स्रोत आकाशात जितका सरकल्यासारखा भासतो, ते अंतर वारंवारितेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, त्यामुळे १४०० च्या तुलनेत १५० मेगाहर्ट्झवर ते सुमारे ८७ पट होते. खरी अडचण दृष्टिक्षेत्राची आहे. पुण्याजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्यातील ४५ मीटर व्यासाच्या अँटेनालाही या वारंवारितेवर सुमारे तीन अंशांचे आकाश दिसते, आणि ३०० किलोमीटर उंचीवर तीन अंश म्हणजे जवळपास १६ किलोमीटर. इतक्या अंतरात आयनांबर एकसारखे राहील, अशी अपेक्षाच करता येत नाही. प्रत्येक अँटेनाला सर्व दिशांसाठी एकच कलादुरुस्ती (लहरींच्या पुढे-मागे होण्याची दुरुस्ती) दिली, तर ती अंशांकनासाठी निवडलेल्या स्रोताच्या आसपास लागू पडते आणि इतरत्र फसते. दिशेनुसार स्वतंत्र अंशांकन करावे लागेल.

दुसरे उत्तर
वरील मत मान्य आहे, तरी सगळा दोष आयनांबरावर टाकण्याची घाई करू नये (ही सवय आपल्यापैकी अनेकांना आहे). आऱ्या सिग्नस ए किंवा कॅसिओपिया ए यांसारख्या क्षेत्राबाहेरच्या प्रखर स्रोतांमुळेही उमटतात. निरीक्षणाचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे करून प्रत्येकाची वेगळी प्रतिमा काढावी: स्रोत तुकड्यागणिक इकडेतिकडे हलत असेल तर कारण आयनांबर; तो प्रत्येक वेळी केंद्राच्या दिशेनेच लांबट दिसत असेल, तर फार रुंद वारंवारिता-पट्ट्याची सरासरी काढली गेली आहे.

प्रश्नकर्ता
तुकडे करून पाहिले. केंद्र आणि कडा यांच्या मधल्या भागातले स्रोत खरोखरच भटकतात, आणि शेजारचे स्रोत साधारण एकाच दिशेने. अगदी कडेचे मात्र दर वेळी केंद्राकडेच लांबट दिसतात. जागा वाचवण्यासाठी मी सुरुवातीलाच बऱ्याच वाहिन्यांची (वारंवारितेच्या अरुंद तुकड्यांची) सरासरी काढली होती, हे आता आठवले.

दुसरे उत्तर
मग मूळ, सरासरी न काढलेल्या नोंदींपासून पुन्हा सुरुवात करावी. एकदा एकत्र केलेल्या वाहिन्या दिशेनुसार अंशांकनाने सुट्या होत नाहीत.