मालक आजारी पडला की दुकान बंद? कृषी केंद्रवाल्यांनो, मत सांगा

काळी माती (दारव्हा)
16 वर्षं झाली, गावात कृषी केंद्र चालवतो. यंदा ऐन मृगात टायफॉइड झाला, 12 दिवस दवाखान्यात होतो. दुकानात दोन पोरं, दोन्ही इमानदार. तरी गिऱ्हाईक पायरीवरून परत गेलं. उधारी कोणाला किती द्यायची, ते माझ्या डोक्यात. कपाशीचं कोणतं वाण कोणत्या थप्पीत, तेही माझ्याच डोक्यात. युरियाच्या गोण्या दुकानात, शेतकरी आधार कार्ड घेऊन समोर उभा, पण खत विकताना ज्यावर आधार आणि अंगठा लागतो ते पॉस मशीन पोरांनी कधी हाताळलंच नव्हतं. मीच हात लावू दिला नव्हता. 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशाची. तेवढ्यासाठी माणूस 14 किलोमीटर तालुक्याला गेला.
माझं मत पक्कं झालं आहे. डोक्यातलं सगळं वहीत उतरवायचं, पोरांना अधिकार द्यायचे. मालक महिनाभर नसला तरी दुकान चाललं पाहिजे.

बुढा वटवृक्ष (मानोरा)
भाऊ, तब्येतीला जपा. पण मला हे पटत नाही. आपलं दुकान म्हणजे काही शहरातलं मॉल नाही. शेतकरी जूनमध्ये माल नेते आणि कापूस विकला की पैसे देते. त्या पाच-सहा महिन्यांचा भरवसा वहीत कसा लिहाल? एकाचं मागचं देणं बाकी आहे, पण पोरीचं लग्न झालं म्हणून थांबलं, माणूस बुडवणारा नाही. दुसऱ्याचं खातं कोरं आहे, पण तो तीन दुकानं फिरून आला आहे. हे चेहरा पाहूनच समजते. पोरगा नियम पाहीन, माणूस नाही. ज्याला खरी गरज आहे तोच रिकाम्या हाताने परत जाईन.

हिंगणघाटचा ग्रेडर
काकाजी, भरवसाही मोजता येते. आमच्या जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, आधी मालक कापसाच्या गाडीत हात घालून ओलावा सांगत. आता मीटर लावतो. आठ टक्क्यांच्या वर गेला की कपात, बाराच्या वर गेला की गाडी परत. मालक मुंबईत असला तरी भाव तोच. शेतकऱ्यालाही बरं, कारण ओळखीच्याला एक आणि अनोळख्याला एक असं होत नाही.

बुढा वटवृक्ष (मानोरा)
कापसाचा ओलावा आणि माणसाची नियत एकच आहे का भाऊ? आणि औषधाचं काय करता? 2017 ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. लाल त्रिकोणाचा, म्हणजे सगळ्यात जहाल औषधाचा डबा मागायला येणाऱ्याला मी आधी विचारतो, फवारणार कोण, तोंडाला काय बांधणार. समोर पोरगा असता तर डबा देऊन मोकळा झाला असता.

आर्वीची ताई
मी आजवर कुठं लिहिलं नाही, पण आज लिहिते.
2021 ला आमचे हे गेले. चार दिवसांत सगळं संपलं. दुकान चांगलं चालत होतं, गावात नाव होतं. तेराव्यानंतर मी लाल चोपडी उघडली. नावं अर्धीच लिहिलेली. "पुलाजवळचा", "बंडीवाला", "मामाचा साळा". पुढे आकडे, त्यातल्या काहींवर गोल. गोल म्हणजे पैसे आले की यायचे आहेत? सांगायला कोणी उरलं नव्हतं. कंपन्यांचे वसुलीवाले मात्र पक्की बिलं घेऊन दारात उभे.
काही लोक आपणहून आले, पैसे देऊन गेले. एका आजोबांनी ट्रंकेतून पावती काढून दाखवली, म्हणाले, बाई, माझे इतके निघतात. त्यांचे पाय धरावेसे वाटले. बाकीचे रस्त्यात दिसले की मान फिरवत. मी भांडू कशाच्या जोरावर?
काकाजी, चेहरा पाहून उधारी द्या, जरूर द्या. पण दिली की पूर्ण नाव, गाव, तारीख लिहा, आणि त्या रात्री घरच्या बाईला वाचून दाखवा. तुमचा भरवसा तुमच्यासोबत जातो, कर्ज आमच्यासाठी राहते.

बुढा वटवृक्ष (मानोरा)
ताई, वाचून हात थांबला. माझीही वही तशीच आहे. नावं पूर्ण लिहीन, आजपासून. पण उधारी देण्याचा अधिकार पोराच्या हाती देणार नाही, तिथं मी कायम आहे.

काळी माती (दारव्हा)
ताई, तुमचं घरच्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं.
काकाजी, औषधाबद्दल तुमचं मान्य. म्हणून मोठ्या पोराला हैदराबादच्या मॅनेज संस्थेच्या देसी डिप्लोम्याला, म्हणजे कृषी केंद्रवाल्यांसाठीच्या अभ्यासक्रमाला घालतो आहे, 48 आठवड्यांचा आहे. तोवर लाल त्रिकोणाच्या डब्यांचं कपाट कुलपात, मी नसलो तर ते विकायचंच नाही. उधारीवर मात्र आपलं जमणार नाही. जुन्या गिऱ्हाइकाला मागच्या हंगामात जितकं फेडलं तितकं द्यायची मुभा पोरांना देतो, त्यावर लागलं तर मला फोन. काल पहिल्यांदा दुपारी घरी जेवायला गेलो. दोन तासांत एकच फोन आला, मशीनचा कागद कुठं ठेवला आहे विचारायला.