बडी हॉलीचं विमान नेमकं कशामुळे पडलं? आणि त्याची अस्सल ध्वनिमुद्रणं कुठली?

अनुनाद७

१९५९ मध्ये विमान अपघातात गेलेला अमेरिकन रॉक-अँड-रोल गायक बडी हॉली याच्याबद्दल वाचायला घेतलं की प्रत्येक ठिकाणी वेगळंच काहीतरी मिळतं. जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

१. अपघाताचं कारण कुठे हिमवादळ, कुठे इंजिनातला बिघाड, तर कुठे थेट पिस्तुलाची गोळी असं दिलेलं आहे. अधिकृत चौकशीत काय निघालं?

२. दौऱ्यासाठी बस होती, मग मध्यरात्री विमान कशाला?

३. त्याच्या शेवटच्या काही गाण्यांची दोन-दोन, तीन-तीन रूपं सापडतात. कशात मागे कोरस आहे, तर कशात नुसती गिटार. त्याने स्वतः केलेलं कुठलं धरायचं?

४. 'पेगी सू'चे कॉर्ड बरोबर वाजवले तरी ते गाणं तसं का वाटत नाही?

उत्तरवारा

पहिल्या दोन प्रश्नांचं बघतो. आधी बस, कारण सगळं तिथूनच सुरू होतं.

'विंटर डान्स पार्टी' हा हॉली आणि इतर गायकांचा दौरा २३ जानेवारी १९५९ ला मिलवॉकीत सुरू झाला. २४ दिवसांत २४ गावं. गावांचा क्रम लावताना नकाशा कोणी समोर ठेवला नव्हता, इतकी ती पुढे-मागे होती. विस्कॉन्सिन, मिनेसोटा, आयोवा, परत मिनेसोटा, परत विस्कॉन्सिन. ऐन हिवाळा, आणि बसगाड्यांचे हीटर बंद पडायचे. बस वारंवार बदलाव्या लागल्या. ३१ जानेवारीला डुलुथचा कार्यक्रम आटोपून निघाल्यावर रात्री विस्कॉन्सिनमध्ये बस रस्त्यातच बंद पडली. ड्रमर कार्ल बंचच्या पायांना हिमदंश झाला आणि त्याला मिशिगनमधल्या आयर्नवुडच्या रुग्णालयात ठेवावं लागलं. राहिलेले लोक तसेच पुढे गेले.

२ फेब्रुवारीला आयोवातल्या क्लिअर लेक गावी सर्फ बॉलरूममध्ये कार्यक्रम झाला. ही तारीख आधी मोकळी होती, ती ऐनवेळी भरली. पुढचा मुक्काम मिनेसोटातलं मूरहेड, साडेतीनशे मैलांहून लांब. हॉलीने हिशेब केला तो साधा होता. विमानाने नॉर्थ डकोटातल्या फार्गोला उतरायचं (मूरहेड नदीपलीकडेच आहे), झोप काढायची, कपडे धुऊन घ्यायचे. भाडं माणशी ३६ डॉलर.

विमान चार आसनांचं बीचक्राफ्ट बोनान्झा, १९४७ चं. वैमानिक रॉजर पीटरसन, वय २१. उरल्या तीन जागा. एक हॉलीची. दुसरी बास वाजवणाऱ्या वेलन जेनिंग्जची, ती त्याने दौऱ्यातल्या, फ्लू झालेल्या जे. पी. रिचर्डसन या गायकाला, म्हणजे 'बिग बॉपर'ला दिली. तिसऱ्या जागेसाठी गिटारवादक टॉमी ऑलसप आणि १७ वर्षांचा गायक रिची व्हॅलेन्स यांच्यात नाणं उडवलं गेलं, व्हॅलेन्स जिंकला.

आता अपघात. मेसन सिटीच्या विमानतळावरून ३ फेब्रुवारीला रात्री १२:५५ च्या सुमारास विमान सुटलं. त्या क्षणी तिथे वादळ नव्हतं, हे सगळ्यात जास्त वेळा चुकीचं सांगितलं जातं. हलका बर्फ, ढगांचा तळ सुमारे ३,००० फुटांवर, दृश्यता ६ मैल, दक्षिणेचा जोरदार वारा. डोळ्यांनी बघून उडायला नियमात बसणारी हवा. विमान दक्षिणेकडे सुटलं, डावीकडे वळून उत्तरेला आलं, सुमारे ८०० फुटांपर्यंत चढलं आणि वायव्येला निघालं. मग विमानाच्या मालकाला जमिनीवरून त्याचा शेपटाचा दिवा हळूहळू खाली जाताना दिसला. रेडिओवर हाका मारल्या, उत्तर आलं नाही. सकाळी ९:३५ च्या सुमारास मालकाने स्वतः दुसरं विमान घेऊन शोधलं तेव्हा विमानतळापासून सहा मैलांच्या आत, एका मक्याच्या शेतात अवशेष दिसले.

नागरी विमान वाहतूक मंडळाचा चौकशी अहवाल सप्टेंबर १९५९ चा आहे. त्यातले तीन धागे एकत्र वाचायला हवेत.

पहिला: गावाबाहेर पडल्यावर खाली शेतं, एकही दिवा नाही, वर ढग, चंद्र-तारे नाहीत. क्षितिज दिसत नसेल तर शरीराला विमान कललेलं कळत नाही. सावकाश वळण घेत खाली जाणारं विमान आतल्याला सरळ वाटतं. अशा वेळी उपकरणांवरच विसंबावं लागतं. पीटरसनचे एकूण ७११ तास उड्डाण झालेलं होतं, त्यातले १२८ बोनान्झावर. पण उपकरणांच्या आधारे उडण्याचा परवाना त्याच्याकडे नव्हता. त्याचं प्रशिक्षण घेतलेलं होतं, ५२ तास, पण मार्च १९५८ मध्ये तो त्या चाचणीत नापास झाला होता.

दुसरा: या विमानात स्पेरी एफ३ जातीचं स्थितिदर्शक होतं. पीटरसन ज्यांवर शिकला होता त्या नेहमीच्या कृत्रिम क्षितिजाच्या यंत्रात नाक वर-खाली झाल्याचं जसं दिसतं, त्याच्या बरोबर उलटं या एफ३ मधल्या गोलावर दिसतं. म्हणजे ताणाखाली जुन्या सवयीने बघणाऱ्याला उतरणं हे चढणं वाटू शकतं. मंडळाने हेच म्हटलंय: चढतं वळण घेतोय असं समजून तो उतरतं वळण घेत असावा.

तिसरा: मिनियापोलिसहून रात्री ११:३५ ला आणि कॅन्सस सिटीहून १२:१५ ला हवामानाचे तातडीचे इशारे निघाले होते. पहिल्यात १०० मैल रुंद हिमपट्टा आग्नेयेकडे सरकत असल्याचं होतं, म्हणजे अगदी याच वाटेवर. दुसऱ्यात आयोवाच्या बहुतेक भागावर पंखांवर बर्फ धरण्याचा धोका सांगितला होता. वैमानिकाने हवामान विचारलं होतं, तरी हे दोन्ही इशारे त्याला सांगितलेच गेले नाहीत.

इंजिनाबद्दल: पंख्याच्या खुणांवरून ते आदळताना ताकद देत होतं. वेगदर्शकाचा काटा ताशी १६५ ते १७० मैलांच्या मध्ये अडकलेला, उंचीच्या दराचा काटा मिनिटाला ३,००० फूट उतार दाखवणारा. उजवं पंख आधी टेकलं. तिथून अवशेष ५४० फूट घसरत तारेच्या कुंपणाला जाऊन अडकले. चौघेही जागीच गेले.

जुनी_तबकडी

उत्तरवारा यांनी नीट मांडलंय. एक भर: विमानाचं नाव 'अमेरिकन पाय' होतं असं बऱ्याच ठिकाणी छापलेलं असतं. ते साफ चूक. विमानाला एन३७९४एन हा नोंदणी क्रमांक होता, नाव नव्हतं. 'अमेरिकन पाय' हे या अपघातावरचं डॉन मॅक्लीनचं गाणं, आणि ते १९७१ चं आहे.

प्रश्न ३. त्याच्या हयातीत फक्त तीन एलपी निघाल्या: नोव्हेंबर १९५७ मध्ये 'क्रिकेट्स' या त्याच्या वाद्यवृंदाच्या नावाने, फेब्रुवारी १९५८ मध्ये त्याच्या नावाने, आणि एप्रिल १९५८ मध्ये डेक्का या ध्वनिमुद्रिका कंपनीने काढलेली, १९५६ च्या नॅशव्हिलच्या जुन्या ध्वनिमुद्रणांची. पहिल्या दोन एलपींत घोळ नाही. तिसरीतलं 'दॅटल बी द डे' जुलै १९५६ चं, उंच पट्टीत, ताणलेलं. गाजलं ते फेब्रुवारी १९५७ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या क्लोव्हिसला नॉर्मन पेटीच्या स्टुडिओत पुन्हा केलेलं. डेक्काशी झालेल्या करारात ती गाणी पाच वर्षं दुसरीकडे ध्वनिमुद्रित करायला बंदी होती, म्हणून लेबलवर हॉलीचं नाव न घालता 'द क्रिकेट्स' घातलं. ते ब्रन्सविकने काढलं, आणि ब्रन्सविक ही डेक्काचीच उपकंपनी. म्हणून प्रकरण मिटलं. पुढे क्रिकेट्स ब्रन्सविकवर आणि 'बडी हॉली' कोरल या दुसऱ्या लेबलवर अशी दोन नावांनी एकाच मंडळींची गाणी येत राहिली. सूची करताना हे लक्षात ठेवलं नाही तर अर्धी गाणी हातची सुटतात.

तुम्हाला पडलेला गोंधळ मात्र शेवटच्या गाण्यांचा आहे. डिसेंबर १९५८ आणि जानेवारी १९५९ मध्ये न्यूयॉर्कला ग्रीनिच व्हिलेजमधल्या घरात त्याने अँपेक्स टेपरेकॉर्डरवर नवी गाणी एकट्याने गिटारवर गाऊन ठेवली: 'क्राइंग, वेटिंग, होपिंग', 'लर्निंग द गेम', 'पेगी सू गॉट मॅरिड' वगैरे. तो गेल्यावर त्यांवर दोनदा साज चढवला गेला. आधी न्यूयॉर्कला जॅक हॅन्सनने वादक आणि कोरस घातला. नंतर १९६० च्या दशकात पेटीने क्लोव्हिसला 'फायरबॉल्स' या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलं. 'क्राइंग, वेटिंग, होपिंग'मध्ये प्रत्येक शब्दाला मागून जो प्रतिसाद येतो तो हॅन्सनचा, हॉलीचा नाही. बीटल्सने तोच उचलला. तेव्हा निवड करताना शीर्षकाशेजारी 'घरचं' किंवा 'साज न चढवलेलं' अशा अर्थाची नोंद आहे का बघा. नुसती गिटार आणि आवाज असेल तर ते त्याचं. माझं मत विचाराल तर कोरसवाली रूपं ऐकूच नका, निदान आधी तरी नको. त्या आवाजातली जवळीक एकदा कानात बसली की मग काय घातलंय ते आपोआप कळतं.

आणखी एक सापळा: क्लोव्हिसची गाणी मोनो आहेत. त्यांची 'स्टिरिओ' म्हणून विकलेली रूपं कृत्रिम, आवाज पोकळ होतो. खरं स्टिरिओ हवं असेल तर २१ ऑक्टोबर १९५८ चं न्यूयॉर्कच्या पायथियन टेंपलमधलं सत्र घ्या, डिक जेकब्जच्या वाद्यवृंदाबरोबरचं. 'ट्रू लव्ह वेज' त्यातलंच. 'इट डझंट मॅटर एनीमोर'सुद्धा, पण ते लिहिलंय पॉल अँकाने.

षड्ज_पंचम

'पेगी सू'चं गुपित उजव्या हातात आहे.

कॉर्ड ए, डी, ई, आणि मध्ये एकदाच अनपेक्षित एफ. बहुतेक जण हात खाली-वर, खाली-वर चालवतात. हॉली सगळे ठोके खाली मारतो, अर्ध्या-अर्ध्या मात्रेचे, न थांबता. वरचा ठोका आला की नाद हलका पडतो आणि ते रेटत नेणं संपतं. मनगट सैल ठेवा, कोपरातून मारलं तर दीड मिनिटात हात भरून येतो. आधी निम्म्या वेगात दोन मिनिटं न चुकता जमू द्या, मगच वेग वाढवा.

गिटार फेंडर स्ट्रॅटोकास्टर. मधल्या वादनाला आवाज एकदम धारदार होतो ना, तिथे पिकअपचा (तारांचा नाद टिपणाऱ्या भागाचा) खटका बदललाय. हात न थांबवता त्याला खटका ओढता येईना, म्हणून क्रिकेट्सचा दुसरा गिटारवादक निकी सलिव्हन शेजारी गुडघ्यावर बसला आणि त्याने नेमक्या क्षणी तो बदलला. घरी वाजवताना हे काम पायाखालच्या पेडलवर सोपवा.

ड्रम: क्रिकेट्सचा ड्रमर जेरी ॲलिसन पॅराडिडल वाजवतोय, उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा. आवाज इतका मोठा होत होता की त्याला स्टुडिओबाहेरच्या दालनात बसवलं. पेटीने ड्रमचा आवाज प्रतिध्वनीच्या खोलीत सोडला आणि तो हाताने चालू-बंद, चालू-बंद केला. म्हणून ड्रम लाटांसारखे जवळ-लांब होतात. संगणकावर करायचं असेल तर रिव्हर्बकडे (प्रतिध्वनीकडे) जाणारा प्रवाह चालू-बंद करा. ड्रमचाच आवाज वर-खाली केलात तर ठेका तुटेल.

'एव्हरीडे'मध्ये तर ड्रमच नाहीत, ॲलिसन मांड्यांवर थापा मारतोय, आणि घंटांसारखं वाजतं ते पेटीची बायको व्हाय हिचं चेलेस्टा, पियानोसारखं पट्ट्यांचं वाद्य. 'नॉट फेड अवे'त पुठ्ठ्याचं खोकं बडवलंय. हे सगळं करायला वेळ मिळाला, कारण पेटी तासाचे पैसे न घेता गाण्याचे घ्यायचा. 'वर्ड्स ऑफ लव्ह'मध्ये हॉली स्वतःच्याच आवाजाला आवाज देतो. एका टेपवरचं वाजवत दुसरीवर नवं गाऊन चढवायचं. प्रत्येक फेरीला आधीचा थर मंद होतो आणि खरखर वाढते, म्हणून थर कमी ठेवावे लागत.

अनुनाद७

सर्वांचे मनापासून आभार. दोनच गोष्टी राहिल्या. एवढी गाणी चाललेली असताना अशा दौऱ्यावर जायची वेळ त्याच्यावर का आली? आणि गोळीचं काय?

जुनी_तबकडी

पैसा अडकला होता. पेटी निर्माता, व्यवस्थापक आणि प्रकाशक, तिन्ही होता. गाण्यांच्या श्रेयातही त्याचं नाव असे. 'पेगी सू'वर तर सुरुवातीला ॲलिसन आणि पेटी एवढीच नावं होती, हॉलीचं नंतर आलं. १९५८ च्या अखेरीस हॉलीने त्याच्याशी संबंध तोडले, ॲलिसन आणि बासवाला जो मॉल्डिन पेटीकडेच राहिले, आणि हिशेब लागेना. ऑगस्टमध्ये मारिया एलेनाशी लग्न झालेलं, न्यूयॉर्कचं भाडं, ती गरोदर. रोख पैसा दौऱ्यातूनच मिळणार होता. बातमी तिला कळली ती प्रसारमाध्यमांतून, आणि मग गर्भपात झाला. हे वाचताना आजही पोटात तुटतं.

उत्तरवारा

पिस्तूल खरं आहे, गोळीबार नाही. हॉलीजवळ .२२ चं पिस्तूल होतं, ते बर्फ वितळल्यावर शेतात सापडलं. रिचर्डसनचा देह कुंपणापलीकडे सुमारे ४० फुटांवर होता, म्हणून तो जिवंत राहून चालत गेला असावा अशी दुसरी अफवा उठली. २००७ मध्ये त्याच्या मुलाच्या विनंतीवरून शवपेटी काढून न्यायवैद्यक मानवशास्त्रज्ञ डॉ. बिल बास यांनी तपासणी केली. जागोजागी हाडं मोडलेली, गोळीची खूण नाही, चालणं अशक्य.

हॉलीचा चष्माही वसंतात तिथेच मिळाला. तो लिफाफ्यात घालून मेसन सिटीच्या न्यायालयात ठेवला गेला आणि १९८० पर्यंत तिथेच पडून राहिला. आता तो टेक्सासमधल्या लबकला, हॉलीच्या गावी, त्याच्या नावाच्या संग्रहालयात आहे. लबकच्या दफनभूमीतल्या दगडावर आडनावात 'वाय'आधी 'ई' दिसेल, ती कोरणाऱ्याची चूक नव्हे. घराण्याचं आडनाव तसंच आहे. 'ई' गळला तो १९५६ मध्ये डेक्काच्या करारात.